दंडावरचा रुमाल

खापरखेडा कॉलनी
८ सप्टेंबर १९७४, रविवार

गोपिका, जय भीम.

मायना एवढाच. आधीची चार पत्रं ‘प्रिय’पासून सुरू केली होती, त्यांतल्या एकाचंही उत्तर आलं नाही. म्हणून यावेळी तो शब्द गाळून बघतो.

मी नाच शिकायचं ठरवलं आहे. हसलीस तरी बिलासपूरहून मला ऐकू येणार नाही, तेव्हा खुशाल हस. तो तुमचा साहेबी नाच, एक माणूस आणि एक बाई एकमेकांना धरून हॉलभर फिरतात तो. तू तो नर्सिंगच्या हॉस्टेलमध्ये मेट्रनकडून शिकली होतीस. लग्नाला अकरा वर्षं झाल्यावर मला हे कळलं, तेही गेल्या एकतीस डिसेंबरला, दवाखान्याच्या जेवणाच्या हॉलमध्ये, सगळ्या स्टाफसमोर. त्या दिवशी जे झालं ते झालं. फरशी गुळगुळीत होती, तू पडलीस, हाताला लागलं. तेवढ्यासाठी कुणी बदली मागून चारशे किलोमीटर लांब जातं का, हे मी आठ महिने स्वतःला विचारतो आहे. घरात आपण दोनच माणसं, त्यातलं एक गेल्यावर उरलेल्यानं विचारायचं तरी कुणाला?

खरं कारण सांगतो. मागच्या आठवड्यात नागपुरात बर्डीवर मीराबाई भेटल्या, तुझ्या वॉर्डातल्या. त्यांनी सांगितलं की तिकडचा दवाखाना तुला कायम करतो आहे, राहायला क्वार्टरही देणार आहे, फक्त एक जानेवारीपर्यंत तुझी सही हवी. सही केलीस की इकडची जागा गेली. मग म्हणाल्या, “देवराव, तिले नाचाचं भारी वेड होतं. तुमच्या घरी येऊन सारं थंड झालं.” मी बसमध्ये चढलो. जागा रिकामी होती, पण खापरखेडा येईपर्यंत मला बसवलं नाही.

कालच एक क्लास पाहून आलो. व्हरायटी चौकाजवळ एका कापडदुकानाच्या वर आहे. मालक कृष्णकांत, मुंबईला राहून आलेला, बूट असे चकचकीत की त्यात भांग पाडावा. फरशीवर पांढऱ्या रंगानं पावलं काढली आहेत आणि त्यांना नंबर दिले आहेत. मला ते पटलं. आमच्या टर्बाइनवरही प्रत्येक व्हॉल्व्हला नंबर असतो, त्यामुळे माणूस चुकत नाही. एकच खोड आहे, तीन भिंतींना आरसे आहेत. एक देवराव सांभाळताना माझी दमछाक होते, तिथे एकदम पंधरा दिसतात.

देवराव


२२ सप्टेंबर

गोपिका,

बर्डीचा क्लास सोडला.

कृष्णकांत शिकवतो चांगलं, तक्रार ती नाही. सगळी लग्नाळू पोरं, नोकरीतल्या साहेबाच्या पार्टीत उभं राहता यावं म्हणून आलेली. गुरुवारी तो मला समोर घेऊन म्हणाला, “रामटेके, बाई म्हणजे सायकल समजा. हँडल आपल्या हातात. जिकडे वळवलं तिकडे वळते.” आणि हँडल कसं वळवायचं ते दाखवायला त्यानं माझंच मनगट धरून पिरगाळलं. पोरं हसली. मी हात सोडवून घेतला आणि जिना उतरलो. छत्री वरच राहिली, ती आणायला परत गेलो नाही.

मनगट दोन दिवस ठणकत होतं. तुझं कसं आहे? टाक्यांची खूण राहिली का?

तर आता दुसरा क्लास बघायचा. आरसे नकोत, हे पहिलं. आमच्या पॉवर हाउसमधलं कुणी तिथे येता कामा नये. शिकवणाऱ्यानं माझ्या अंगाला हात कमी लावावा आणि घरचं काही विचारू नये. असा क्लास अख्ख्या नागपुरात असेल का, कोण जाणे. चैन म्हणून पडत नाही. पेपर उघडतो तर वाचत नाही, चहा ठेवतो तर तो आटून जातो. शिफ्ट सुपरवायझर गोपाळराव परवा म्हणाले, मीटरसमोर एवढ्या येरझाऱ्या घालू नका, आकडे घाबरतील.

आज कामठीला जाऊन आलो. कॅन्टोन्मेंटमध्ये मिसेस हॅरिस म्हणून एक म्हाताऱ्या अँग्लो-इंडियन बाई राहतात. बंगल्याच्या मागच्या खोलीत पियानो आहे. त्या स्वतः वाजवतात आणि मानेनंच पावलं सांगतात. आरसा एकही नाही. जागा मला आवडली, पण त्या जोडीनं येणाऱ्यांनाच शिकवतात. “वाइफ किधर?” त्यांनी पहिलाच प्रश्न हा केला. मी म्हणालो, ड्यूटीवर आहे. आज एक दिवस त्यांनी मला खुर्ची धरून शिकवलं.

देवराव


१३ ऑक्टोबर

गोपिका,

तुझं कार्ड आलं. ‘छत्री आणा. अजून पाऊस आहे.’ पाच शब्द. मी ते कार्ड शर्टाच्या खिशात घालून ड्यूटीवर गेलो आणि दुसऱ्या दिवशी बर्डीचा जिना चढून छत्री घेऊन आलो. कृष्णकांतनं विचारलं, परत सुरू करता का? मी म्हणालो, मला सायकल चालवता येते.

कामठीचंही फिसकटलं. दुसऱ्या रविवारी बाईंनी विचारलं, वाइफ आली नाही? मी म्हणालो, आजारी आहे. तिसऱ्या रविवारी विचारलं, अजून आजारी? मी म्हणालो, हो, अशक्तपणा आहे. चौथ्या रविवारी त्यांनी पेरूच्या जेलीची बाटली माझ्या हातात ठेवली. झाकणावर कापड बांधलं होतं, त्यावर दोरा. “बीमार वाइफ को टोस्ट के साथ देना, बाबा.” मला तिथल्या तिथे जमिनीनं गिळावं असं झालं. धडधाकट बायकोला मी दोन आठवडे अंथरुणावर निजवलं होतं आणि एक म्हातारी तिच्यासाठी चुलीपुढे बसून पेरू आटवत होती. परत तिथे जायची माझी हिंमत नाही. बाटली तुझ्या कपाटात ठेवली आहे, उघडलेली नाही.

आता खोट्याचा विषय निघालाच आहे तर आठ सप्टेंबरच्या पत्रात एक दुरुस्ती कर. हॉलची फरशी गुळगुळीत नव्हती.

तू हसत होतीस, गोपिका. तुमच्या त्या डॉक्टरांबरोबर नाचताना, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून मान मागे टाकून हसत होतीस. तसं हसताना मी तुला आपल्या घरात कधी पाहिलं नव्हतं. मला ते सहन झालं नाही. आज इतकंच लिहवतं.

देवराव


२७ ऑक्टोबर

गोपिका,

दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेलो होतो. गर्दीत तुझी आई भेटली. जिजाबाईंनी आधी माझ्या तब्येतीची चौकशी केली, डबा उघडून करंजी हातावर ठेवली आणि मग तोफ डागली. “जावईबापू, पोरीले आणाले काहून नाही गेले? ती काय सामान आहे, का पार्सल होऊन आपोआप येईन?” मी म्हणालो, सुटी मिळत नाही. त्यांना खरं काही ठाऊकच नाही. तू आईलाही तेच सांगितलंस, पाय घसरला म्हणून. त्या दिवशी हॉलमध्येही सगळ्यांना तेच सांगितलंस आणि मी बाजूला उभा राहून मान हलवली.

नाचाचं मात्र जमलं. अजनीला, रेल्वे क्वार्टर्सच्या मागे एक जुना हॉल आहे. तिथे मारोतराव म्हणून रिटायर्ड गार्ड दर बुधवारी आणि शनिवारी संध्याकाळी सहाला शिकवतात. धोतर, वर रेल्वेचा काळा कोट आणि गळ्यात शिट्टी. इंग्रजांच्या काळात ड्रायव्हर लोकांकडून शिकले म्हणे. ग्रामोफोन आहे, तोही मधूनच अडतो. शिकणारे सगळे बाप्येच, चौदा जण. कुणाची बढती आहे, कुणाला क्लबात उभं राहायचं आहे, दोघं तिघं नुसतेच हौशी. बाई एकही येत नाही. म्हणून तिथे एक रीत आहे. निम्म्यांनी डाव्या दंडाला पांढरा रुमाल बांधायचा. ज्याच्या दंडाला रुमाल, ती बाई. जो शेवटी येईल त्याला रुमाल ठरलेला. मारोतराव म्हणतात, गाडी सुटल्यावर येणाऱ्यानं डबा निवडायचा नसतो.

खापरखेड्याची बस कधी वेळेवर पोचते? मी तिन्ही वेळा शेवटी आलो आणि तिन्ही वेळा रुमाल माझ्याच दंडाला लागला. माझा जोडीदार धोंडबा, लोको शेडमधला फिटर. पंजा एवढा की माझी अर्धी पाठ त्यात मावते. पहिल्या दिवशी मला लाजेनं घाम फुटला. पण इथे कुणी घरचं विचारत नाही, आरसा नाही आणि कुणी कुणाला हसत नाही, कारण पुढच्या शनिवारी रुमाल हसणाऱ्याच्याही दंडाला येऊ शकतो. हाच क्लास आपल्याला मानवेल असं वाटतं.

देवराव


२४ नोव्हेंबर

गोपिका,

हे पत्र तीनदा फाडलं. चौथ्यांदा लिहितो आहे आणि हे टाकणारच, कारण पत्ता घातलेलं पाकीट आधीच खिशात ठेवलं आहे.

रुमालवाल्याला मागे मागे चालावं लागतं हे तुला ठाऊक असेल. मला नव्हतं. पुढचा माणूस पुढे येतो, आपण मागे जायचं. मागे भिंत आहे का बाक आहे, दिसत नाही. पाठीवर जो हात असतो त्याच्यावर सगळा भरवसा. धोंडबा एवढा आडदांड, पण पंजा असा ठेवतो की वळायच्या आधी आपल्याला कळतं. पहिले पंधरा दिवस मी अंग ताठ करून त्याच्याशी भांडत होतो. मग एका शनिवारी अंग आपोआप सैल झालं आणि हॉलच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मी डोळे मिटून मागे गेलो. मला फार बरं वाटलं. इतकं बरं मला कित्येक महिन्यांत वाटलेलं नव्हतं.

गेल्या बुधवारी धोंडबाचं लक्ष नव्हतं. त्याच्या शेडमध्ये काही बिनसलं होतं, डोकं तापलेलं. वळणावर त्यानं माझा हात खसकन ओढला. मी भेलकांडलो आणि बाकाच्या कोपऱ्यावर आदळलो. कोपराला खरचटलं. ग्रामोफोन चालूच होता. सगळे बघत असताना तो खाली वाकला आणि म्हणाला, “लागलं का गा? मी ओढलं. माही चूक झाली.” रुमाल सोडून त्यानं माझ्या कोपराला बांधला. मग मारोतरावांनी शिट्टी मारली आणि आम्ही पुन्हा उभे राहिलो.

एवढंच असतं ते. दोन वाक्यं. चौदा माणसांसमोर तो ती बोलला आणि त्याचं काही कमी झालं नाही.

तू म्हणाली होतीस, “एकच फेरी, मंग घरी जाऊ.” मी तुझं उजवं मनगट धरलं आणि ओढलं. तू पुन्हा म्हणालीस, एकच. मी जोर लावला. बांगड्या फुटल्या, काच आत गेली, तू टेबलावर जाऊन पडलीस. ड्यूटीत तुला बांगड्या घालता येत नाहीत, वर्षातून चार दिवस घालायचीस, त्यातला तो एक. ज्या डॉक्टरांबरोबर तू नाचत होतीस त्यांनीच तीन टाके घातले. काय झालं, असं त्यांनी विचारलं तेव्हा तू माझ्याकडे बघितलंस. मी काहीतरी बोलेन म्हणून तू थांबली होतीस, हे मला तेव्हाही कळलं होतं. मी बोललो नाही. मग तू म्हणालीस, पाय घसरला.

पाय घसरला नव्हता. मी ओढलं. माझी चूक झाली, गोपिका. काल तुझ्या आईच्या घरी जाऊन त्यांनाही सांगून आलो. त्यांनी दार लावून घेतलं.

देवराव


१५ डिसेंबर

गोपिका,

तुझं कार्ड मिळालं. ‘पत्र मिळालं. दोनदा वाचलं. ३१ला इथल्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये नाच आहे. मी जाणार आहे.’ मी हे उलटसुलट करून वाचतो आहे. यात ‘या’ असं कुठे नाही. ‘येऊ नका’ असंही नाही. तुला माझा छळ करायचा असेल तर तो नीट चालला आहे, आणि माझी तक्रार नाही.

पण आता एक गंमत ऐक. गंमत कसली, माझं वाटोळं झालं आहे. कार्ड घेऊन मी मारोतरावांकडे गेलो. म्हणालो, आता रुमाल काढा, मला एकतीस तारखेला बाईबरोबर नाचायचं आहे. ते म्हणाले, काढा की. रुमाल धोंडबाच्या दंडाला बांधला, रेकॉर्ड लावली. एक, दोन, तीन. मी मागे गेलो. रुमाल होता म्हणून धोंडबाही मागे गेला. दोघं एकमेकांपासून दूर जात हॉलच्या दोन भिंतींना टेकलो. पुन्हा लावली, पुन्हा तेच. डोक्याला कळत होतं की पुढे जायचं, पण पाय ऐकेनात. दोन महिने उशिरा येऊन येऊन मी एकच पाऊल शिकलो होतो, बाईचं. आणि ते इतकं पक्कं बसलं आहे की मारोतरावांनी सरळ सांगितलं, “रामटेके, पंधरा दिवसांत हे सुटत नाही. तुम्ही बाई चांगले झाले, बाप्या व्हाले आता वेळ नाही.”

तेव्हापासून मी दिवसरात्र पुढे चालायची सवय करतो आहे. अंगणात खुर्ची धरून एक-दोन-तीन म्हणतो आणि चौथ्या पावलाला मागे निघतो. शेजारच्या कांताबाई कुंपणावरून बघत होत्या. “देवराव, तुमी असे उलटे काहून चालून राहिले? डाक्टरले दाखवलं का?” मी म्हणालो, मानेचा व्यायाम आहे. आता कॉलनीत सगळे माझ्या मानेची चौकशी करतात.

काय करू? येऊन नुसता बाकावर बसू? की येऊच नको? गेल्या वर्षी मी तुला नाचू दिलं नाही, आणि या वर्षी यायचं तर नाचवता येत नाही. चार क्लास हिंडलो असतो तरी इतकी चुकीची विद्या मला कुणी शिकवली नसती. एक तारीख जवळ येते आहे. तू सही केलीस का, एवढं तरी कळव.

देवराव


२७ डिसेंबर

गोपिका,

तुझं कार्ड सोमवारी दुपारी आलं. पोस्टमननं दिलं तिथेच, फाटकात उभ्यानं वाचलं. तू लिहितेस, ‘सही अजून केली नाही. हॉस्टेलमध्ये सगळ्या मुलीच होत्या. मी सगळ्यांत उंच, म्हणून मेट्रननं मला कायम पुरुष केलं. मला बाईचं पाऊल येतच नाही. त्या दिवशी डॉक्टरांच्या पायावर तीनदा पाय दिला. म्हणून हसत होते.’

मी फाटकातच बसलो. कांताबाई पाणी घेऊन आल्या.

म्हणून हसत होतीस. एवढंच होतं. मी एक वर्ष त्या हसण्याचे नाही नाही ते अर्थ लावले, आणि तू आपल्याच चुकीला हसत होतीस. तेव्हा मी नुसतं विचारलं असतं, काहून हसून राहिली वं, तर तू सांगितलं असतंस आणि मीही हसलो असतो. कदाचित नसतो हसलो. तेव्हाचा मी कसा होतो ते मला आता नीट आठवतं.

मंगळवारी दुपारी बिलासपूरला पोचतो. तिकीट काढलं आहे. काल कामठीला जाऊन मिसेस हॅरिसना सगळं सांगितलं, तुला कोणताही आजार नाही हेही. बाटली परत द्यायला गेलो होतो, त्यांनी घेतली नाही. म्हणाल्या, जेलीला खरं-खोटं कळत नाही, घेऊन जा. ती बरोबर आणतो आहे. धोंडबानं आपला रुमाल धुऊन इस्त्री करून दिला आहे. तो मी डाव्या दंडाला बांधून इन्स्टिट्यूटच्या दाराशी उभा राहीन. लोक विचारतील, तर मी सांगेन.

तू आली नाहीस, किंवा येऊन दुसऱ्या कुणाबरोबर नाचलीस, तर मी बाकावर बसेन आणि तुला हसताना बघेन. ते मला आता जमेल असं वाटतं. सहीबद्दल मी एक शब्द बोलणार नाही. पेन तुझं आहे.

पण आलीस माझ्याकडे, तर मी आपण होऊन हात धरणार नाही, तू पुढे करशील तेव्हाच देईन. पुढे तू चाल, मला मागे चालता येतं. तुझा उजवा हात, तीन टाक्यांचा, माझ्या पाठीवर येईल. कुठे वळवायचं, कुठे थांबवायचं, ते त्या हातानं सांग.

एकच फेरी. मग घर कुठलं, ते तू ठरव.

तुझा
देवराव